भाचीचं नाव आओई : फूल, पान की निळा रंग?

सातारची_आत्या

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

धाकट्या भावाला मुलगी झाली. भाऊ गेली नऊ वर्षं जपानात, ओकाझाकी नावाच्या शहरात. वहिनी तिथलीच. त्यांनी नाव ठेवूनही टाकलं : आओई. तिकडे जन्मापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते, त्यामुळे "बघू सावकाश" हा आपला खाक्या चालत नाही. सातव्या दिवशी ओशिचिया म्हणून घरगुती समारंभ झाला, वहिनीच्या वडिलांनी कुंचल्याने कागदावर नाव लिहिलं, कागद भिंतीवर लागला, मला फोटो आला.

आईने फोनवर नाव ऐकलं आणि म्हणाली, "आवई? पोरीचं नाव आवई ठेवलंत? जन्मली म्हणायची की आवई उठली म्हणायची?"

तरीही बारसं आपल्या पद्धतीने इथे साताऱ्यात व्हिडिओ कॉलवर होणारच आहे. पाळण्यात फोन ठेवायचा की टॅब, यावर सध्या घरात खल चालू आहे. पण कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. जे नाव कुर्रर्र करून सांगायचं त्याचा अर्थ मला माहीत नको?

वहिनीला विचारलं, ती म्हणाली, "फूल आहे." भावाला विचारलं, तो म्हणाला, "पान आहे, तोकुगावा या जुन्या राज्यकर्त्या घराण्याचं चिन्ह." गूगलला विचारलं, तो म्हणतो निळा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निहोंगो_पेठकर

अभिनंदन आत्याबाई! पुण्यात जपानी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी एका तरी बॅचमध्ये येतोच.

तुमच्याकडे फोटो आहे ना? त्यात एकच अक्षर असेल आणि त्याच्या डोक्यावर एक आडवी रेघ नि तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा दिसत असतील, तर तो गवताचा मुकुट. झाडापाल्याच्या बहुतेक अक्षरांवर तो असतो. एकूण रेघा बारा येतात का मोजा. आल्या तर निळ्या रंगाचा विषय संपला, नाव वनस्पतीचं आहे.

गूगलचा घोटाळा उच्चारामुळे. "निळा" हे विशेषण आणि ही वनस्पती, दोन्हींचा उच्चार आज सारखाच आहे. पूर्वी तसं नव्हतं. वनस्पती होती "आफुही" आणि निळा होता "आवोशी". शतकानुशतकं उच्चार झिजत गेले आणि दोन्ही शब्द एकाच खड्ड्यात येऊन पडले. १९४६च्या लेखनसुधारणेपर्यंत कानाला एकच वाटणारे हे दोन शब्द कागदावर तरी वेगळे लिहायचे. नंतर तोही फरक गेला.

उच्चार अ-ओ-इ. तीन टाळ्या, तिन्ही ऱ्हस्व. आपण "आ" ताणतो आणि "ई" दीर्घ करतो, म्हणून आईंना आवई ऐकू आलं.

खुसपट

निळा आणि हिरवा त्यांना एकच ना? सिग्नल हिरवा झाला तरी निळा म्हणतात म्हणे.

निहोंगो_पेठकर

हो, "आओ" शब्दात हिरव्याचा बराच प्रदेश येतो. हिरवा सिग्नल आओ, हिरवं सफरचंद आओ, पालेभाजीही आओ. पण त्याचा या नावाशी संबंध नाही. (पालक मात्र दोन्ही अर्थ डोक्यात ठेवून नाव निवडतात, ती गोष्ट वेगळी. मुलग्यांसाठी तर हाच उच्चार गडद निळ्या-हिरव्याच्या अक्षरांनी लिहितात. त्यामुळे आओई नुसतं ऐकून मुलगा की मुलगी ते कळत नाही.)

सातारची_आत्या

बारा रेघा आल्या! दोनदा मोजल्या. म्हणजे वहिनी आणि भाऊ दोघंही बरोबर? फूलही आणि पानही?

रानवेडा

दोघंही बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या झाडांबद्दल बोलताहेत. इथेच खरी गंमत आहे.

भावाचं पान म्हणजे फुताबा-आओई. फुताबा म्हणजे दोन पानी. डोंगरातल्या सावलीत जमिनीलगत वाढणारी वीतभर वनस्पती, हृदयाच्या आकाराची दोन पानं. फूल असतं, पण पानाखाली, खाली तोंड करून, मळकट जांभळट. वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही. कुळ आपल्या ईश्वरी वेलीचं.

वहिनीचं फूल म्हणजे ताची-आओई, उभी आओई. आपल्याकडे हिवाळ्यात बागेत हॉलीहॉक लावतात तेच. माणसाच्या उंचीचा दांडा, त्यावर खालपासून वरपर्यंत गुलाबी, पांढरी, गर्द लाल फुलं. हे कुळ जास्वंदीचं, कापसाचं, अंबाडीचं आणि भेंडीचं.

तिसरी आओई तर भाजी आहे. चीनमध्ये हे अक्षर मुळात ज्या झाडाचं, ती पानं शिजवून खायची. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चिनी कवितांत सातव्या महिन्यात ती शिजवल्याचा उल्लेख आहे. अक्षर चीनहून जपानात आलं, तिथे आधीच असलेल्या "आफुही" शब्दावर बसलं आणि मग ज्याचं पान साधारण तसं दिसेल त्याला ते चिकटत गेलं. वासाबीच्या लिखाणातही हेच अक्षर आहे, "डोंगरातली आओई" असं. सूर्यफुलातही आहे.

खुसपट

थोडक्यात, भाची भेंडीच्या कुळातली. आमच्या कट्ट्यावर कळलं तर "भेंडी!" म्हणूनच अभिनंदन करतील.

सातारची_आत्या

खुसपट, हे आईपर्यंत गेलं तर बारसं रद्द होईल. कृपया.

गुऱ्हाळकर

भेंडीला हसू नका राव. आमच्या कोल्हापूरकडं गुऱ्हाळात काहिलीत रस उकळायला लागला की रानभेंडीचा चिकट रस सोडतात. त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. गूळ पिवळाधमक होतो तो त्या चिकटपणामुळं. हल्ली पावडरी टाकतात ते सोडा.

रानवेडा

गुऱ्हाळकर, काय नेमक्या ठिकाणी आलात! जपानात याच घराण्यातली तोरोरो-आओई आहे. पिवळं सुंदर फूल, पण लावतात मुळासाठी. मूळ ठेचून पाण्यात टाकलं की बुळबुळीत द्रव होतो, त्याला नेरी म्हणतात. वाशी, म्हणजे पारंपरिक जपानी कागद, हाताने करताना तो हौदात मिसळतात. त्यामुळे झाडाच्या सालीचे लांब धागे गोळा होऊन तळाशी बसत नाहीत, पाणी चाळणीतून हळूहळू निथळतं आणि कागद पातळ, एकसारखा निघतो. ओल्या कागदांची थप्पी रचली तरी नंतर एकेक सुटा होतो.

म्हणजे भेंडीच्या चुलतभावंडांच्या चिकटपणावर एकीकडे गूळ निघतो आणि दुसरीकडे कागद. आत्याबाई, आजोबांनी ज्या कागदावर नाव लिहिलं तो हाताने केलेला वाशी असेल, तर आओईचं नाव आओईच्याच चिकावर लिहिलंय म्हणायचं. विचारून बघा.

कामोकाठची

मी क्योतोत राहते. पानाबद्दल लिहिते, कारण १५ मे रोजी ही पानं डोळ्यांसमोरून जातात.

त्या दिवशी आओई मात्सुरी. जुन्या राजवाड्यापासून आधी शिमोगामो आणि मग कामिगामो या देवळांपर्यंत साधारण आठ किलोमीटरची मिरवणूक, पाचशेहून जास्त माणसं, हेइआन काळातल्या, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या वेशात. टोप्यांवर, बैलगाडीवर, घोड्यांवर, देवळाच्या पडद्यांवर, सगळीकडे दुपानी आओई आणि कात्सुरा झाडाच्या डहाळ्या एकत्र माळलेल्या. सणाचं मूळ सहाव्या शतकात नेतात, वादळपावसाने पिकं गेली तेव्हा या कामो देवळांच्या देवांना शांत करायला सुरू झाला असं सांगतात. मध्ये युद्धांमुळे मिरवणूक फार मोठा काळ बंद पडली, ती १६९४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आज मिरवणुकीत सगळ्यांचं लक्ष असतं ती साइओ-दाई, थरावर थर चढवलेल्या पोशाखात पालखीसारख्या वाहनात बसलेली तरुणी. पूर्वी राजकन्या या देवळांची सेवा करायची, तिची ही प्रतिनिधी. ही प्रथा मात्र अलीकडची, १९५६ची.

आत्याबाई, तुम्हाला हवी आहे ती गोष्ट पुढे आहे. कामिगामोच्या आख्यायिकेत देव आईला सोडून आकाशात निघून जातो. आई झुरते. मग तो स्वप्नात येऊन सांगतो, मला भेटायचं असेल तर आओईची आणि कात्सुराची पानं माळून सण कर. म्हणून ही पानं.

सणाला पानं खूप लागतात आणि रानातली पुरत नाहीत. त्यामुळे आता शाळकरी मुलं कुंड्यांत दुपानी आओई वाढवतात आणि देवळाला परत देतात. मी एका शाळेत बघितली, ओळीने मांडलेल्या कुंड्या, प्रत्येकीवर मुलाचं नाव. मला आपली तुळशीची रोपं आठवली.

निहोंगो_पेठकर

सुंदर प्रतिसाद. चिन्हाचं मी सांगतो, कारण ओकाझाकी म्हटल्यावर ते टाळताच येणार नाही. तोकुगावा इएयासु ओकाझाकीच्या किल्ल्यात १५४३ मध्ये जन्मला. त्याने १६०३ मध्ये जी शोगुनशाही, म्हणजे लष्करी राजवट, उभी केली ती अडीचशे वर्षांहून जास्त टिकली आणि तिचं चिन्ह म्हणजे वर्तुळात टोकाला टोक लावलेली आओईची तीन पानं. खऱ्या झाडाला पानं दोन. तिसरं चित्रकाराचं.

ते इतकं पवित्र की १७२३ मध्ये इतरांनी वापरायला बंदीच झाली. १९६९ ते २०११ अशी चाललेली मितो कोमोन नावाची दूरचित्रवाणी मालिका घ्या. साध्या वेशात फिरणारा एक म्हातारा, गावचा कारभारी लोकांना छळतोय, आणि शेवटी म्हाताऱ्याचा सेवक एक औषधाची डबी वर धरतो. डबीवर तीन पानं. सगळे धाडकन लोटांगण. हे जवळजवळ प्रत्येक भागात, ठरल्या वेळेला. लोकांना काय होणार ते पाठ होतं आणि तरी त्याचसाठी बघायचे.

खुसपट

म्हणजे आपल्या कीर्तनात शेवटी भगवंत प्रकटतो तसं. आवडलं.

शब्दवेडी

मला मघापासून हात शिवशिवतायत. आफुही हा शब्द मोडून बघा. आफु म्हणजे भेटणं. ही म्हणजे दिवस. आफु-ही : भेटीचा दिवस. ही व्युत्पत्ती नव्हे, श्लेष आहे, पण जपानी कवींनी हा श्लेष हजार-बाराशे वर्षं सोडलेला नाही.

आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहात, सोळाव्या खंडात, एक पाच ओळींची कविता आहे. वरवर पाहिली तर निव्वळ झाडांची यादी : नाशपती, बोरासारखं एक फळ, मग दोन भरडधान्यं, मग कुझूचा वेल, मग आओईचं फूल. पण पहिल्या धान्याचं नाव किमी, म्हणजे "तू" सुद्धा. दुसऱ्याचं आवा, म्हणजे आपला राळा, आणि त्यात भेटण्याचा क्रियापद दडलेला. वेल फाकतो, लांब जातो आणि पुढे पुन्हा गुंततो. शेवटी आफुही फुलते, भेटीचा दिवस येतो. एकाखाली एक लावलेलं शेत वाचता वाचता कुणीतरी कुणाला सांगतंय, आत्ता ताटातूट आहे, पण नंतर भेटू. आपल्याकडे मोरोपंतांनी वाचलं असतं तर उठून दाद दिली असती.

कामोकाठची यांची देवाच्या आईची गोष्ट याला जोडून वाचा. तिथेही भेटच आहे.

खुसपट

"भेटण्याचा क्रियापद" नाही हो, "भेटण्याचं क्रियापद". नावाला जागलो.

शब्दवेडी

मान्य. भावनेच्या भरात लिंग बदललं.

शंकासुर

सगळं ठीक, पण एक विचारू का? गेंजीची कथा या जुन्या जपानी कादंबरीतली आओई मरते ना? मग असं नाव कसं काय ठेवतात?

शब्दवेडी

हो, मरते. मुरासाकी शिकिबूने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या त्या कादंबरीच्या नवव्या प्रकरणाचं नाव आओई. ही आओई म्हणजे नायक गेंजीची पहिली बायको, थोरामोठ्यांची लेक. कामोच्या सणाआधीच्या (म्हणजे आओई मात्सुरीच्याच) मिरवणुकीला गर्दी उसळते. रस्त्याकडेची चांगली जागा कुणाच्या गाडीला, यावरून नोकरांची जुंपते आणि आओईची माणसं रोकुजो या दुसऱ्या बाईची गाडी मागे रेटून मोडतात. (गणपतीत लक्ष्मी रोडला ज्यांनी जागा धरली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.) रोकुजो गेंजीची प्रेयसी. तो अपमान तिला इतका जिव्हारी लागतो की ती जिवंत असतानाच तिचा आत्मा बाहेर पडून बाळंतपणात आओईला झपाटतो. मुलगा वाचतो, आई जाते.

पण मुरासाकीने त्या बाईला आओई हे नाव दिलेलंच नाही! कादंबरीत ती कुणाची लेक, कुणाची बायको अशीच येते. नाव वाचकांनी नंतर प्रकरणावरून चिकटवलं. आणि प्रकरणाला ते शीर्षक मिळालं ते सणाच्या दिवशीच्या एका चावट देवाणघेवाणीवरून. एक वयस्क, रंगेल बाई गेंजीला कविता पाठवते : आज देवाच्या परवानगीने भेटायचा दिवस म्हणून मी थांबले होते, आणि तुम्ही तर दुसरीच आओई माळलेली. पुन्हा तोच श्लेष.

या कथेवर नोह या जुन्या जपानी प्रकारातलं नाटक आहे, तेही आओईच्याच नावाचं. त्यात आओईचं काम करणारा नटच नसतो. रंगमंचाच्या पुढच्या भागात घडी घातलेला एक किमोनो ठेवतात. तीच आजारी आओई. सगळं नाटक त्या कापडाभोवती.

शंकासुर

बापरे. पण माझा मुद्दा कायम. आपण मुलीचं नाव कैकेयी ठेवत नाही, गांधारी ठेवत नाही.

कामोकाठची

कैकेयी नाही, पण वैदेही आणि जानकी ठेवतो ना? तिच्या वाट्याला काय सुख होतं? तरी घरोघरी आहेत. इथे मी आओई नावाच्या चार मुली आणि एक मुलगा ओळखते. त्यांच्या आयांना नावाबद्दल विचारलं की फूल, पान, सूर्य यांच्याबद्दल बोलतात, गेंजीचं नाव एकीनेही काढलं नाही. कानाला मऊ लागतं हे कारण तर सगळ्यांचंच.

फुलांच्या नावांत जपून राहायचं तर वेगळी उदाहरणं आहेत. कामेलिया म्हणजे त्सुबाकी. तिचं फूल पाकळी-पाकळी न गळता अख्खं तुटून पडतं, मुंडकं पडल्यासारखं, म्हणून काही जुनी माणसं नाक मुरडतात. साकुराबद्दलही लवकर गळतं असं म्हणणारे भेटतात.

निहोंगो_पेठकर

एक कायद्याची गोष्ट, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. जपानात नावासाठी वाट्टेल ते अक्षर चालत नाही. युद्धानंतर, १९४८ पासून, सरकारने रोजच्या वापरातल्या ठरावीक अक्षरांचीच परवानगी दिली आणि आओईचं अक्षर त्या यादीत नव्हतं! १९५१ मध्ये नावांसाठी म्हणून आणखी ९२ अक्षरं आली, त्यातही नाही. मिळालं ते १९७६ मध्ये, २८ अक्षरांच्या जोडणीत. म्हणजे मधल्या अठ्ठावीस वर्षांत जन्मलेल्या मुलीचं नाव आओई ठेवायचं तर काना या साध्या उच्चारलिपीत लिहावं लागायचं. गवताचा मुकुट नाही, बारा रेघा नाहीत, नुसता उच्चार.

आता तर हे अक्षर लाडकं आहे. "सूर्य" आणि "आओई" अशी दोन अक्षरं जोडून हिमारी वाचतात, अलीकडच्या वर्षांत मुलींच्या नावांत ते अगदी वर असतं. आणि मुलांमध्ये? रेन. म्हणजे कमळ. आपले अरविंद, पंकज, राजीव, नीरज हे सगळे कमळच, तेव्हा आपल्याला त्यात नवल वाटू नये.

सातारची_आत्या

झालं बारसं! सगळ्यांना वेगवेगळे आभार लिहायला हवेत, पण आत्ता पाय दुखतायत.

टॅबच ठेवला पाळण्यात, सुपारीएवढ्या उशीला टेकवून. तिकडे रात्रीचे साडेनऊ, आओईबाई ढाराढूर. मी स्क्रीनजवळ तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि अ-ओ-इ, तीन टाळ्या, तिन्ही ऱ्हस्व. पेठकर, बरोबर ना?

वहिनीला फुलाचं नीट विचारलं. दवाखान्यात जाताना रेल्वेच्या रुळांलगत उंच दांड्यांची ती गुलाबी फुलं उभी होती, शेंड्यापर्यंत फुललेली. तिच्याकडे म्हणतात की शेंड्याचं फूल उमललं की पावसाळा संपतो. तिच्या मनात तेवढंच होतं. तिच्या वडिलांच्या मनात तोकुगावा. घरात वाद नको म्हणून दोघंही एकाच नावावर खूश. कागद वाशीच आहे, पण दुकानातून आणलेला, नेरीचं त्यांना ठाऊक नाही.

आईला भेंडी सोडून सगळं सांगितलं. पानं माळून सण कर म्हणजे भेटेन, ते आणि भेटीचा दिवस, तेही. गप्प बसून ऐकलं. मग म्हणाली, "बरं. मग तिकिटं कधीची काढतोय तुझा भाऊ?"

पासपोर्ट शोधला. २०१९ मध्येच संपलाय. त्याचा वेगळा धागा काढते.